एटीव्ही तापते, आयडलिंग टिकत नाही: स्क्रूला हात लावण्याआधी पाळायचा क्रम

त्र्यंबक रोडच्या रिसॉर्टवरून, गंगापूर धरणाच्या आसपासच्या कृषी पर्यटनाच्या जागांवरून, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमधून माझ्या गॅरेजला एटीव्ही, म्हणजे जाड टायरच्या चारचाकी ऑफ-रोड गाड्या, येतात. तक्रारी फिरून फिरून दोनच. उभी असताना बंद पडते, नाहीतर तापते. माझ्याकडे येईपर्यंत गाडीवर दोन गोष्टी बहुतेक वेळा झालेल्या असतात. आयडलिंगचा (ॲक्सिलरेटर न देता इंजिन मंद चालू राहण्याचा) स्क्रू आवळून आवळून शेवटाला नेलेला असतो आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच गार करणाऱ्या द्रवाला, म्हणजे कूलंटला, रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला असतो. मूळ दोष जिथल्या तिथे राहतो आणि त्यात या दोन दोषांची भर पडते.

आयडलिंग बिघडणं आणि इंजिन तापणं हे दोन वेगळे आजार धरले की चूक तिथेच होते. इनटेकच्या (कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या) रबरातून जादा हवा ओढली जात असेल तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, रेस चढलेली राहते आणि इंजिनही तापतं. उलट, थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन नीट गरमच होत नाही. अशा इंजिनावर बसवलेलं आयडलिंग आज चालतं, उद्या बिघडतं. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी कूलिंग, मग हवेची गळती, मग प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हजवळची बारीक फट), मग पेट्रोल आणि सगळ्यात शेवटी स्क्रू.

खालचे टप्पा २ आणि ३ रेडिएटर असलेल्या गाड्यांसाठी आहेत. लहान मुलांच्या ११०-१२५ सीसीच्या गाड्या बहुतेक एअर कूल्ड, म्हणजे हवेनेच गार होणाऱ्या, असतात. तिथे सिलिंडरच्या फिन्समधला (पातळ पात्यांमधला) वाळलेला चिखल भिजवून काढा आणि थेट टप्पा ४ वर या.

१. तयारी

गाडी सपाट, मोकळ्या हवेच्या जागी लावा. पार्किंग ब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. शेडमध्ये दार लावून इंजिन चालवू नका, सायलेन्सरच्या धुराने जीव जातो.

हाताशी ठेवायच्या गोष्टी: पाने, पक्कड, प्लगचा पाना, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पत्त्या), मल्टिमीटर, पाणी फवारायची साधी बाटली, पारदर्शक काचेची बाटली, तयार कूलंट किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. याच्या जोडीला गाडीचं मॅन्युअल. या लेखातले आकडे अंदाज यावा म्हणून आहेत. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच.

आणखी एक गोष्ट, जिचा लोक कंटाळा करतात: तक्रार कागदावर लिहा. थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? तापते ती उभी असताना, की चढावर ओझं असताना? ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस लगेच खाली येते, की वर अडकून सावकाश उतरते? एवढ्या तीन उत्तरांवर अर्धं काम होतं. उभी असताना तापते पण पळताना नॉर्मल, तर आधी पंखा बघा. पळताना आणि चढावर तापते, तर जाम रेडिएटर, कमी कूलंट किंवा वॉटर पंप. रेस वर अडकते, तर हवेची गळती किंवा केबल. गरम झाल्यावर बंद पडते आणि गार होईपर्यंत सुरूच होत नाही, तर टॅपेट घट्ट असण्याची शक्यता मोठी.

२. रेडिएटर बाहेरून धुणं

हे काम सोपं वाटतं आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. बागेतली काळी माती ओली असते तेव्हा फिन्समध्ये शिरते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. वरून रेडिएटर बरा दिसतो, पण मागून बॅटरी धरली तर उजेड पलीकडे येत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडची लाल माती बारीक असते, ती पावसाळ्यात चिखल होऊन आणि उन्हाळ्यात धूळ होऊन बसते.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. पुढची जाळी काढा, जमलं तर पंखाही सोडवा. साध्या नळीने पाणी मारून माती अर्धा तास भिजू द्या. मग पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला, म्हणजे माती ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने बाहेर, कमी दाबाने पाणी सोडा. परत भिजवा, परत धुवा. पलीकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीन फेऱ्या लागतात.

सावधान: वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन रेडिएटरवर जवळून मारू नका. ॲल्युमिनियमच्या फिन्स आडव्या झोपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. झोपलेल्या फिन्स पातळ पट्टीने हलक्या हाताने उभ्या करता येतात, पण ते तासन् तासाचं काम आहे.

बागायतदारांसाठी खास: एटीव्हीला छोटा स्प्रेअर जोडून फवारणी करत असाल तर मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा निळसर पांढरा थर रेडिएटरवर बसतो. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं. फवारणी झाली त्याच संध्याकाळी रेडिएटर साध्या पाण्याने धुवा. आठवडाभराने धुऊन उपयोग नाही.

तपासा: मागून बॅटरीचा उजेड पाडा. पुढून सगळीकडे सारखा उजेड दिसायला हवा. एखादा कोपरा अंधारा असेल तर तेवढा भाग अजून जाम आहे.

३. कूलंट, कॅप, पंखा, थर्मोस्टॅट

सावधान: गरम इंजिनाच्या रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, कॅप फिरवताच उकळतं कूलंट तोंडावर उडतं. हाताला होज पाईप गार लागला की मगच कॅपला हात लावा.

अ) कूलंट. कॅप उघडून आत बघा. नुसती ओव्हरफ्लोची टाकी बघून समाधान मानू नका. टाकी भरलेली आणि रेडिएटर निम्मा रिकामा, असं बरेचदा सापडतं, कारण कॅपचं रबर खराब झालं की टाकीतलं पाणी परत ओढलं जात नाही. आत तांबूस गाळ असेल, किंवा वेगवेगळी कूलंट मिसळून जेलीसारखं काही झालं असेल, तर सगळं काढून डिस्टिल्ड वॉटरने फ्लश करा आणि नवीन भरा.

बोअरचं पाणी टाकू नका. नाशिक भागातल्या बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं. पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं. "इथे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" असं मला विचारतात. गोठण्यापासून वाचवणं हे त्याचं एक काम झालं. गंज रोखणं आणि उत्कलनबिंदू वाढवणं ही दोन कामं नाशिकच्या उन्हाळ्यात जास्त महत्त्वाची आहेत. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं.

सावधान: काढलेलं कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. गोठ्याजवळ, कुत्र्याच्या वाटेवर उघडं ठेवू नका, ओढ्यात ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा.

ब) हवा काढणं. कूलंट बदललं आणि लगेच गाडी तापायला लागली, तर बहुतेक वेळा आत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. गाडी बांधावर किंवा उतारावर अशी लावा की रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहील. इंजिन गार असताना कॅप उघडी ठेवून सुरू करा, होज पाईप हाताने दाबत राहा, पातळी खाली गेली की भरा. काही गाड्यांना थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा पंपावर हवा काढायचा बोल्ट असतो. तो थोडा सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग कूलंट आलं की आवळा. कॅप लावा, टाकी खुणेपर्यंत भरा. गाडी एकदा गरम करून पूर्ण गार होऊ द्या आणि पातळी परत बघा. ही दुसऱ्यांदा बघण्याची पायरी वगळली म्हणून परत आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

क) कॅप. रबर कडक, चिरलेलं किंवा चपटं झालं असेल तर कॅप बदला. दाबाचा आकडा कॅपवर छापलेला असतो, नवीन कॅप त्याच आकड्याची घ्या. दाब जितका टिकतो तितकं कूलंट उशिरा उकळतं. सैल कॅपने चांगलं कूलंटही बाहेर फेकलं जातं.

ड) पंखा. इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवा. साधारण ९० ते १०० अंशांच्या दरम्यान पंखा आपोआप फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंख्याच्या दोन वायरी थेट बॅटरीला लावून बघा. थेट लावल्यावर फिरला तर पंखा ठीक, दोष सेन्सर किंवा वायरिंगमध्ये.

पंखा फिरतोय तरी गाडी तापते, असं असेल तर एक कागद रेडिएटरच्या पुढून जाळीजवळ धरा. ज्या गाड्यांचा पंखा रेडिएटरच्या मागे आहे तिथे कागद आत ओढला जाऊन चिकटायला हवा. कागद दूर ढकलला जात असेल तर पंखा उलटा फिरतोय. वायर जोडताना प्लस-मायनस बदललं की असं होतं. गेल्या हंगामात माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा रेडिएटर नवा, कूलंट नवं, वॉटर पंप नवा होता. बराच खर्च झालेला आणि मालक रडकुंडीला आलेला. कागद धरला तर तो माझ्या हातातून बाहेर उडाला. दोन वायरी उलट्या केल्या आणि गाडी गार झाली.

इ) थर्मोस्टॅट. काढून टाकू नका, तपासा. पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. उघडण्याचं तापमान त्याच्यावर कोरलेलं असतं, बहुधा ७० ते ८२ अंशांच्या दरम्यान. त्या सुमारास उघडायला हवा आणि गार झाल्यावर पूर्ण बंद व्हायला हवा. अर्धवट उघडत असेल तर नवा घाला.

फ) पंप आणि हेड गास्केट. वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं. तिथून कूलंट टिपकत असेल तर पंपाचं सील गेलं, इंजिन ऑइल टिपकत असेल तर आतलं ऑइल सील. ते भोक एम-सील लावून बुजवू नका, नाहीतर कूलंट ऑइलमध्ये जाईल.

तपासा: गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज पाईप दगडासारखा कडक होतो का? उघड्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का? ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं का? एकाचंही उत्तर हो असेल तर हेड गास्केटचा (सिलिंडर आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय घ्या आणि इथेच थांबा. पुढचे टप्पे करून फायदा नाही, हेड उघडावं लागेल.

४. हवेची गळती, फिल्टर, केबल

एअर फिल्टर काढून बघा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, वाळवा, फिल्टर ऑइल लावा. फिल्टरशिवाय गाडी कधीच चालवू नका. फिल्टरविना मिश्रणही पातळ होतं आणि धूळ सिलिंडर खरवडते ती वेगळी.

आता कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर. निफाडच्या एका बागायतदाराने गाडी आणली आणि म्हणाला, "दादा, स्क्रू पूर्ण मागे घेतला तरी रेस खाली येईना. आणि डोंगराकडे नेली की तापते." वरून रबर धडधाकट दिसत होतं. मी खालच्या बाजूला बोट घालून कार्बोरेटर जरा वर उचलला, तर रबराला ओठासारखी फट उघडली, नखभर लांब. कार्बोरेटर सोडला की फट मिटायची. म्हणून ती कोणालाच दिसली नव्हती.

तपासण्याची पद्धत: इंजिन गरम आणि आयडलिंगवर असताना फवाऱ्याच्या बाटलीने रबरावर आणि क्लिपांवर चारी बाजूंनी पाण्याचा बारीक फवारा द्या. एखाद्या जागी फवारा पडताच रेस बदलली तर गळती तिथेच. गरम सायलेन्सरवर आणि उघड्या वायरिंगवर पाणी जाऊ देऊ नका. काही जण पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारून बघतात. गरम इंजिनावर ते आग लावण्याचं काम आहे, माझ्या गॅरेजमध्ये मी ते करू देत नाही.

ॲक्सिलरेटरच्या केबलला थोडा लूज हवा, बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी ३ ते ५ मि.मी. पुरतो. इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. रेस वाढली तर केबल ताणली जातेय, तिची वाट सुधारा. चोकही बघा. निफाडला थंडीत पारा ५ अंशांच्या खाली जातो, सकाळी चोक ओढून सुरू केलेली गाडी दुपारपर्यंत तशीच फिरवली जाते. चोकची केबल अर्ध्यात अडकलेलीही सापडते.

५. प्लग आणि टॅपेट, कार्बोरेटर खोलण्याआधी

प्लग काढून टोक बघा. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापतंय, काळा आणि कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. गॅप बहुतेक गाड्यांना ०.६ ते ०.९ मि.मी. असतो.

टॅपेट मात्र बहुतेक जण विसरतात. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि कार्बोरेटर तीनदा साफ करूनही न सुधारणारी गाडी असेल तर आधी टॅपेट. व्हॉल्व्हला लूज उरला नाही की तो पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि आयडलिंग टिकत नाही. टॅपेट वाजत नाही म्हणून ठीक आहे, असं धरू नका. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, म्हणूनच तो धोक्याचा.

इंजिन रात्रभर गार राहू द्या, सकाळी सुरू न करता काम करा. टायमिंगची खूण जुळवून पिस्टन वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे आहेत याची खात्री करा, मग फिलर गेज घाला. मॅन्युअलचा आकडा बहुधा ०.०५ ते ०.२० मि.मी. दरम्यान असतो, इनटेकचा आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. पत्ती किंचित अडकत सरकायला हवी.

६. पेट्रोल आणि कार्बोरेटर

कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं आणि पावसाळ्याचे चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमीचं आहे. असं दिसलं तर टाकीही रिकामी करा. नुसती वाटी साफ केली तर उद्या परत तेच.

सावधान: पेट्रोल काढताना बिडी, काडी, चालू मोटर जवळ नको. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत पेट्रोल साठवू नका, कोणीतरी ते पितं.

आयडलिंग सगळं स्लो जेटवर (आयडलिंगला पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पितळी नळीवर) असतं आणि त्याचं भोक केसाएवढं. महिनाभर उभ्या गाडीतलं पेट्रोल सुकून तिथे चिकट थर धरतं. जेट बाहेर काढून कार्ब क्लीनरने आणि हवेने साफ करा, उजेडाकडे धरून आरपार गोल दिसतंय ना ते बघा. ब्रेक केबलची तार घालून खरवडू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कुठल्याही स्क्रूने मिश्रण जुळत नाही. एवढं करूनही आरपार दिसत नसेल तर त्याच नंबरचा नवा जेट घ्या.

फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर इथे कार्बोरेटर नाही, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आहे. आतल्या पाकळीच्या कडेची काजळी थ्रॉटल बॉडी क्लीनर लावलेल्या मऊ कापडाने पुसा. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फॅक्टरीत सेट केलेला असतो, त्याला हात लावू नका. त्याऐवजी बॅटरी मोजा. बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आयडलिंगवर पंखा सुरू होताच व्होल्टेज खूप पडत असेल आणि इंजिन गचके खात असेल, तर दोष चार्जिंगचा किंवा बॅटरीचा आहे. कूलंटचा तापमान सेन्सर चुकीचं सांगत असेल तरी पेट्रोलचं प्रमाण बिघडतं.

७. आता स्क्रू

दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून इंजिन पूर्ण गरम करा. कार्बोरेटरचा मिक्स्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं मिश्रण जुळवणारा) हळू आत फिरवत नेऊन टेकवा, किती फेऱ्या झाल्या ते लिहा. जोर लावला तर टोक चेपतं. मग मॅन्युअलमधल्या फेऱ्यांइतका बाहेर काढा, सहसा दीड ते अडीच.

दिशेचा गोंधळ इथे फार होतो. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. आधी कोणता आहे ते ठरवा, मगच फिरवा.

इंजिन चालू असताना मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरीने फिरवा. जिथे रेस सगळ्यात वर आणि सारखी राहते तिथे सोडा. आता आयडलिंगचा स्क्रू फिरवून मॅन्युअलच्या आरपीएमवर आणा, बऱ्याच एटीव्हींना तो १२०० ते १६०० च्या आसपास असतो. ॲक्सिलरेटर झटकन देऊन सोडा. रेस खाली येऊन लगेच स्थिर व्हायला हवी. खूप खाली जाऊन बंद पडायला आली, तर मिश्रण बहुधा जाड. वर अडकली, तर परत टप्पा ४.

तपासा: गाडी बांधावर किंवा बागेच्या चढावर लो गिअरमध्ये दहा मिनिटं चालवा, मग उभी करून आयडलिंगवर सोडा. पंखा सुरू व्हायला हवा, काही मिनिटांत बंद व्हायला हवा आणि दोन्ही वेळी रेस टिकायला हवी. ओझं ओढताना हाय गिअरमध्ये हळू चालवू नका. बेल्टची गाडी असेल तर बेल्ट जळतो आणि तो वास लोक इंजिन तापल्याचा समजतात.

रिसॉर्टवर गाड्या चालवणाऱ्यांना एक विनंती: एक पर्यटक उतरून दुसरा बसेपर्यंत गाडी चालू ठेवू नका. उभ्या गाडीला हवा फक्त पंख्याची मिळते आणि पंपही इंजिनाच्या गतीनेच फिरतो. तापमानाचा लाल दिवा लागला तर तिथेच बंद करा, शेडपर्यंत नेऊ नका.

हे सगळं करूनही दोष राहिला तर गॅरेजला आणताना तुमचा कागद सोबत आणा: काय तपासलं, काय बदललं, मिक्स्चर स्क्रू आधी किती फेऱ्यांवर होता आणि आता किती आहे. तो कागद नसेल तर मला परत टप्पा १ पासून सुरू करावं लागतं आणि तुमचे दोन दिवस जातात.